टेहळ्याचा साक्षीदार

एनॉस मॅकरेडीच्या कानावर पेन्शनीची गोष्ट घातली ती मीठ घेऊन डोंगर चढणाऱ्या एका फेरीवाल्याने. इंग्लंडच्या राजाविरुद्धची लढाई संपून पन्नास वर्षं होत आली होती. त्या लढाईत ज्यांनी बंदूक धरली, मग ते पलटणीतले असोत की गावोगावच्या शिबंदीतले, त्यांतले जे म्हातारे अजून हलतायत-चालतायत त्यांना सरकार आता मरेपर्यंत पैसे देणार, असं तो सांगत होता. एनॉस तेव्हा दुसऱ्याच्या अंगणात दुसऱ्याच्या मक्याची कणसं सोलत बसला होता. त्याने हातातलं सोललेलं कणीस टोपलीऐवजी टरफलांच्या ढिगात टाकलं.

व्हर्जिनियाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत त्याची स्वतःची जमीन होती एकेकाळी. झाडं तोडून, खोडं जाळून त्याने आणि त्याच्या बायकोने, जेनेटने, ती उघडी केली होती. मग रिचमंडहून एक माणूस आला आणि त्याच्याकडे त्याच जमिनीचा जास्त जुना कागद निघाला. मुलगा गेल्या साली कॉलऱ्यात गेला. जेनेट त्याच्याही आधी. आता एनॉस एका शेजाऱ्याच्या खोपटात राहायचा. खोपट मुळात मांसाला धुरी देण्यासाठी बांधलेलं होतं, त्यामुळे हिवाळा आला, डुकरं कापली की त्याला अंथरूण गुंडाळून गोठ्यात जावं लागे.

बेल्स फोर्ड या तालुक्याच्या गावी पर्सेल नावाचा एक वकील होता. वयाने लहान, पण माणूस वाईट नव्हता. त्याने एनॉसला खुर्ची दिली आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"शिबंदीतून मोकळं केल्याचा कागद आहे का, आजोबा?"

"कागद कसला? पहिलं बर्फ पडलं की कॅप्टन पॉल्सन म्हणायचा, जा आता घरी. झालो मोकळे."

"तोंडी?"

"मग काय लिहून देणार? तो स्वतः सहीच्या जागी फुली मारायचा."

पर्सेल हसला, मग हसू आवरून म्हणाला, "काम काय करायचात तुम्ही नेमकं? कोर्टाला सांगायचंय, तेव्हा नीट सांगा."

"टेहळणी. पॉल्सनच्या गढीतून निघायचं ते ओहायो नदीपर्यंत. दोघं-तिघं मिळून. नदीचे उतार बघायचे, ओढ्याकाठचा चिखल बघायचा. शॉनी इंडियन लोकांची टोळी पार झाल्याचं दिसलं की उलट पावली पळत सुटायचं आणि सगळी वस्ती गढीत आणायची. विस्तव पेटवायचा नाही. भाजलेला मका आणि वाळवलेलं मांस चावत राहायचं. बर्फ वितळल्यापासून पानं गळेपर्यंत, दर साली."

"तुमचा जोडीदार कोण?"

"हार्टर भाऊ. यॉस्ट आणि मिकेल. मिकेल लिक ओढ्यावर मारला गेला. यॉस्ट दोन डोंगर पलीकडे लेकीकडे असतो. असेल तर."

"तो असला पाहिजे," पर्सेल म्हणाला. "तुमच्याबरोबर नोकरी केलेला एक माणूस कोर्टात उभा राहून हा एनॉस मॅकरेडी, हा माझ्याबरोबर होता, असं म्हणाला पाहिजे. त्याच्याशिवाय माझे हात बांधलेले आहेत."

एनॉस चालतच गेला. मांडीत जुन्या गोळीचं दुखणं होतं, चढणीवर पाय ओढावा लागायचा, तरी तो मनात खूश होता. कितीतरी वर्षांत यॉस्टची गाठ पडली नव्हती. आधी जमिनीच्या भानगडी, मग आजारपणं, मग म्हातारपण. वाटेने तो यॉस्टच्या जुन्या खोड्या आठवत गेला. झोपेत घोरणाऱ्या मिकेलच्या नाकात यॉस्ट गवताची काडी घालायचा आणि शिंक आली की त्याच्याच तोंडावर हात दाबून म्हणायचा, अरे गप, टोळी ऐकेल.

यॉस्टची लेक उर्सुला अंगणात राखेचं पाणी आणि चरबी उकळून साबण करत होती. विधवा बाई, हात कोपरापर्यंत लाल. तिने एनॉसला लगेच ओळखलं. तिच्या जन्माच्या वेळी जेनेटच सुईण होती.

"एनॉसकाका, बसा. बाबा तिकडे सफरचंदाखाली आहेत. पण आधी माझं ऐका."

एनॉसने ऐकून घेतलं नाही. तो सरळ झाडाकडे गेला. यॉस्ट स्टुलावर ताठ बसला होता, मांडीवर काठी आडवी, बंदूक धरावी तशी. नजर शेतापलीकडच्या झाडीवर. पावलं वाजली तसा तो उठला, टाचा जुळवल्या.

"कॅप्टनसाहेब, पलीकडच्या चिखलात ठसे नाहीत. दोनदा बघून आलो."

एनॉसला वाटलं हीही एक खोडीच. तो हसला. "यॉस्ट, लेका, मी एनॉस."

म्हाताऱ्याचा चेहरा पडला. त्याने टोपी काढली. "एनॉस गेला ना, साहेब. तुम्हाला कुणी सांगितलं नाही? मीच सांगायला हवं होतं."

उर्सुला मागे येऊन उभी राहिली होती. तिने एनॉसला दंडाला धरून विहिरीपाशी नेलं.

"दोन वर्षं झाली असं चाललंय," ती म्हणाली. "त्यांच्या मनात मिकेलकाका मेलेच नाहीत. ते मिसुरीला गेलेत, तिकडे मोठी जमीन घेतलीय, असं आहे. लिक ओढ्यावर मेला तो तुम्ही."

"मी?"

"कुणीतरी मेलं एवढं त्यांना पक्कं आठवतं, काका. मग त्यांनी तुम्हाला तिथे घातलं. एकदा मी खरं सांगून बसले. त्यांना ते नव्यानेच कळलं, जसं काही आत्ताच निरोप आलाय. जेवण सोडलं, भिंतीवर डोकं आपटायला लागले. नंतर विसरले. मी परत तोंडातून काढलं नाही, तुम्हीही काढू नका."

एनॉसने खाली बघत विहिरीचा कठडा नखाने खरवडला. मग पेन्शनीचं सांगितलं.

"ते कसे साक्ष देणार, काका?"

"कधीच ताळ्यावर नसतो का?"

उर्सुलाला खोटं बोलता आलं नाही. "सकाळी कधी कधी असतात. अगदी पूर्वीसारखे."

"कोर्ट सकाळीच भरतं."

ती कढईपाशी परत गेली आणि साबण ढवळू लागली. "जेनेटकाकू नसती तर मी नसते, असं आई म्हणायची," ती शेवटी म्हणाली. "आणते मी त्यांना. पण काही झालं तर लगेच घेऊन जाईन."

कोर्टाच्या दिवशी बेल्स फोर्डला बाजार असायचा. घोडे विकणारे, व्हिस्कीची पिंपं, तंबाखू थुंकणारी रिकामी माणसं. म्हाताऱ्यांच्या लढाईच्या गोष्टी फुकट ऐकायला मिळतात म्हणून आत दाटी झाली होती. यॉस्टला उर्सुलाने दाढी करून, धुतलेला सदरा घालून आणलं होतं. सकाळी गाडीत तो छान बोलला होता. बैलाचं नाव बरोबर सांगितलं, पुलाचे पैसे उर्सुलाने जास्त दिले म्हणून कुरकुरला. एनॉसचा जीव जरा भांड्यात पडला.

न्यायाधीशांनी एनॉसला बोलायला सांगितलं. त्याने सगळं सांगितलं, उतारांची नावं, ओढ्यांची नावं, कोणत्या साली कुठल्या वस्तीला आग लागली ते. बोलताना त्याचा आवाज भरदार होत गेला. मागून कुणीतरी ओरडलं, "शॉनी किती मारले ते सांगा की, आजोबा."

"एकही नाही," एनॉस म्हणाला. "टेहळ्याने गोळी झाडायची नसते. पळायचं असतं."

सगळे खो खो हसले. "मग पळण्याची पेन्शन हवी होय," आणखी एक जण म्हणाला. न्यायाधीशांनी टेबलावर थाप मारली. एनॉसचे कान तापले. पॉल्सनच्या गढीत रात्री पोरंबाळं झोपायची ती तो आणि यॉस्ट जागे आहेत या भरवशावर, हे त्याला सांगायचं होतं, पण हशात ते राहूनच गेलं.

मग यॉस्टला उभं केलं.

"यॉस्ट हार्टर, या माणसाला तुम्ही ओळखता?"

"न ओळखायला काय झालं?" यॉस्ट खणखणीत म्हणाला. "हे आमचे कॅप्टन पॉल्सन."

पुन्हा हशा. पर्सेल घाईघाईने पुढे झाला. "बरं, ते राहू द्या. एनॉस मॅकरेडी नावाचा माणूस तुमच्याबरोबर होता का?"

"होता तर."

"कसा होता?"

यॉस्ट हातातली टोपी फिरवत राहिला. मग बोलला तेव्हा कोर्टातली कुजबुज आपोआप थांबली.

"तसा माणूस मला परत भेटला नाही. मला थंडी वाजायची, तर स्वतःचं घोंगडं माझ्यावर टाकून म्हणायचा, मला उकडतंय. मार्च महिन्यात कुणाला उकडतं? माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण ओढा उतरताना पुढे तो. का, तर गोळी आली तर पुढच्याला येते. वस्तीतल्या बायकांना विचारा. एनॉस फिरतीवर असला की त्या गाई चारायला रानात सोडायच्या. नसला की नाही सोडायच्या."

एनॉस मान खाली घालून ऐकत होता. हे कुणी त्याला तोंडावर कधी म्हटलं नव्हतं. जेनेटही नाही, ती तसली बाईच नव्हती.

"मग तो आता कुठे आहे?" न्यायाधीशांनी हळू आवाजात विचारलं.

"लिक ओढ्याच्या वरच्या अंगाला. मीच पुरला. कुऱ्हाडीने आणि हातांनी खणलं. खोल गेलं नाही, मुळं होती. मग ओढ्यातले धोंडे आणून वर रचले, लांडग्यांनी उकरू नये म्हणून. त्याच्या आईला सांगायला मी गेलो नाही. धीर झाला नाही."

बाकावर बसलेल्या एका बाईने शालीच्या टोकाने डोळे पुसले. न्यायाधीश लेखणी हातात धरून बसले होते, पण लिहीत नव्हते. पर्सेल एनॉसच्या कानाशी वाकला.

"आजोबा, गोष्ट खरी आहे ना? फक्त माणूस चुकतोय ना? मग त्यांना आठवण करून द्या. मेला तो कोण ते सांगा. एकदा भाऊ आठवला की तुम्हीही आठवाल. नाहीतर तुमचाच साक्षीदार शपथेवर सांगून चाललाय की तुम्ही मेलात."

एनॉसने उर्सुलाकडे बघितलं. पर्सेलचं बोलणं तिला ऐकू गेलं नव्हतं, पण एनॉसच्या चेहऱ्यावरून तिला कळलं असावं. तिने मान हलवली. नको.

त्याच्या डोळ्यांपुढे ते खोपट आलं, आणि येणारा हिवाळा. तो उठला.

"यॉस्ट. तो मिकेल होता."

"मिकेल मिसुरीला असतो, साहेब."

"नाही रे. मला मांडीत गोळी लागली. हे बघ, इथे. मला तू ओढत झाडीत नेलंस. मिकेलच्या पोटात लागली. पुरलास तो मिकेल. मी एनॉस आहे, मी जिवंत आहे. बघ माझ्याकडे."

यॉस्टने बघितलं नाही. त्याने लेकीकडे बघितलं, आणि उर्सुलाने नजर खाली वळवली. तेवढं पुरलं. म्हातारा हळूहळू खालीच बसला, साक्षीदाराच्या कठड्याला धरून. मग अगदी लहान मुलाच्या आवाजात त्याने विचारलं, "आता आईला कोण सांगणार?"

तेच तो विचारत राहिला. उर्सुला आणि आणखी दोघांनी त्याला धरून बाहेर नेलं, तरी दारातून तेच ऐकू येत होतं. न्यायाधीशांनी ही साक्ष धरता येणार नाही असं सांगितलं, मात्र माणसाकडे बघून अर्ज वर राजधानीला पाठवतो म्हणाले. मग घोड्याच्या खरेदीचा एक तंटा पुकारला गेला.

एनॉस बाहेर आला तेव्हा गाडी जुंपलेली होती. यॉस्ट गाडीतल्या गवतावर पोटाशी पाय घेऊन पडला होता. उर्सुलाने कासरा हातात घेतला.

"झालं का काम तुमचं, काका?" ती म्हणाली. उत्तराची वाट न बघता तिने बैल हाकले.

उत्तर वसंतात आलं. पर्सेलने ते वाचून दाखवलं. राजधानीतल्या कचेरीचं म्हणणं असं की साक्षीदार निरुपयोगी आहे, पण साक्ष धड मिळाली असती तरी उपयोग नव्हता. सरहद्दीवरच्या वस्तीने आपली गढी राखणं म्हणजे आपलं घर राखणं. रीतसर सैन्यात भरती होऊन केलेली ती चाकरी नव्हे, सबब अर्ज नामंजूर.

"म्हणजे यॉस्टने ओळखलं असतं तरी?" एनॉसने विचारलं.

"तरी नाही."

"हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

पर्सेलने खिडकीबाहेर बघितलं. "कधी कधी मंजूर होतात, आजोबा. कोण वाचतं त्यावर असतं."

एनॉस पायऱ्या उतरून खाली आला आणि घोडे बांधायच्या दांडीला टेकून उभा राहिला. पैसे गेले याचं त्याला तेवढं वाटत नव्हतं, ते त्याचे कधी नव्हतेच. यॉस्टचा तो आवाज मात्र डोक्यातून जात नव्हता, आणि आता तर तो आवाज फुकटच काढायला लावला होता.

त्याच उन्हाळ्यात शेजाऱ्याने खोपट मागितलं. तो आडून आडून बोलला, सून येणार, जागा लागणार. एनॉस गरिबांच्या यादीत गेला. तालुक्याची रीत अशी की निराधार माणसाला कोर्टाच्या पायऱ्यांवर उभं करायचं आणि जो कोणी तालुक्याकडून सगळ्यांत कमी पैसे घेऊन त्याला वर्षभर पोसायला तयार होईल त्याच्या हवाली करायचं. पुकारा करणारा गमत्या होता.

"बघा मंडळी, दात दोन-चारच आहेत, खायला फार लागायचं नाही. पाय एक लंगडा, म्हणजे पळून जायची भीती नाही."

बोली खाली खाली येत गेली. एनॉस आपल्या बुटांकडे बघत होता. सगळ्यांत खालचा आकडा बाईच्या आवाजात आला तेव्हा त्याने मान वर केली. उर्सुला होती.

गाडीत बसल्यावर तिने सरळ सांगितलं, "तुमची दया आली म्हणून नाही घेतलं. बाबा कॅप्टनला शोधत असतात. रानात जातात, मला शेत सोडून मागे धावावं लागतं. तुम्ही त्यांच्याजवळ बसा. बस एवढंच."

"मी एनॉस आहे हे..."

"कॅप्टन," ती म्हणाली.

यॉस्ट भावाचं मरण पुन्हा विसरला होता, पण धड विसरला नव्हता. मिसुरीचं नाव तो आता काढत नसे. सकाळी उठायचा तो रडतच उठायचा. "कुणीतरी गेलंय, साहेब," तो एनॉसला म्हणायचा. "कोण गेलंय ते आठवत नाही. पण आपल्यातलंच आहे."

"कुणी गेलं नाही, यॉस्ट. सगळे गढीत आहेत."

"मोजून घेतले का?"

"घेतले."

तेवढ्यापुरतं त्याचं समाधान व्हायचं. दोघं सफरचंदाखाली बसायचे, समोरच्या झाडीकडे तोंड करून. त्या झाडीपलीकडे आता पिठाची गिरणी होती, पलीकडे रस्ता, रस्त्याने प्रवासी गाड्या जायच्या. शॉनी लोकांना त्यांच्या स्वतःच्या गावांतूनही सरकारने कधीच पश्चिमेला हाकललं होतं. एनॉस हे सगळं जाणून होता, तरी बसल्या बसल्या त्याचीही नजर फांद्या हलतात का ते बघायला लागली. कधी यॉस्टला डुलकी लागायची, तेव्हा तो जागा राहायचा.

हळूहळू उर्सुला त्याच्याशी दोन शब्द बोलायला लागली. मक्याच्या भाकरीवर काकवी घालून द्यायला लागली. कोर्टाचा विषय मात्र कुणीच काढला नाही. एनॉसला माफी मागायची होती, पण जो विसरलाय त्याच्याकडे मागायची कशी, आणि उर्सुलाकडे मागितली तर ती काय म्हणेल, या दोन्हींत ते राहिलं.

फेब्रुवारीत, बर्फ अजून पुरतं वितळलं नव्हतं तेव्हा, यॉस्टला छातीत कफ झाला. शेवटच्या दिवशी तो एनॉसचा हात धरून होता. "एनॉसच्या शेजारी ठेवा मला, साहेब," तो म्हणाला. एनॉस हो म्हणाला. तिकडे, लिक ओढ्यावर, आता कुणाचं तरी शेत होतं आणि धोंड्यांचा तो ढीग नांगरताना केव्हाच कुणी बाजूला केला असणार. यॉस्टला चर्चमागे पुरलं. खणणारे दुसरे होते. एनॉस बाजूला उभा राहिला, आणि पाद्र्याने मयताबद्दल कुणाला काही बोलायचंय का विचारलं तेव्हा त्याला खूप बोलायचं होतं, पण कॅप्टन पॉल्सन म्हणून बोलावं की एनॉस म्हणून, हे त्याला ठरवता येईना. शेवटी दुसरंच कुणीतरी बोललं.

वर्ष भरत आलं तसं उर्सुलाने त्याला चुलीपाशी बसवून सांगितलं. तालुका देतो त्यात भागत नाही, शेत खंडाने द्यावं लागणार, ती स्वतः बहिणीकडे जाणार. तिचे डोळे भरले होते.

"तुझा काही दोष नाही, पोरी," एनॉस म्हणाला.

यंदा पायऱ्यांवर बोली लवकर संपली. डॉसन नावाचा कातडी कमावणारा माणूस त्याला घेऊन गेला. बसून करायचं काम आहे, तो म्हणाला, कातडी कमवायला लागणारी ओकची साल कुटायची. कारखाना गावाबाहेर ओढ्याच्या काठी होता. भिजत घातलेल्या कातड्यांचा वास नाकातोंडात भरत होता आणि पाणी पिंगट वाहत होतं. डॉसनने त्याला झोपायला फळकुटं टाकलेली एक जागा दाखवली, मोगरी हातात दिली, आणि नाव काय म्हणून विचारलं. एनॉसने सांगितलं. डॉसनला ते नीट ऐकू आलं नाही, पण त्याने पुन्हा विचारलं नाही, आणि एनॉस सालीच्या ढिगापाशी खाली बसला.